धुतलेल्या पानांवरच्या अळ्या

२९ ऑगस्ट
हातानं केलेलं, आजवर : लेन्सची रिंग, दीड इंची पीव्हीसी कपलिंग कापून, आतून सँडपेपर मारून, जुनी लेन्स तिच्यात उलटी बसते. फ्लॅशची टोपी, दह्याच्या डब्याचं झाकण आणि ट्रेसिंग पेपर. अळ्यांचे पिंजरे सात, काजूकतलीचे डबे, मच्छरदाणीच्या खिडक्या. चिमटा, वाइंडिंगच्या तारेचा, टोकं कानशीनं घासलेली. मोजपट्टी, अर्ध्या मिलिमीटरच्या खुणा सुईनं कोरून. बांबूची शिडी, पायांना करवंट्या, चिखलात रुतू नये म्हणून. आणि हे दुकान. पंपांच्या मोटरी भरायला कुणी शिकवलं नाही. एक जळकी मोटर उकलली, वेढे मोजले, तेवढेच परत भरले. दहावी नापास. इंग्रजी.

हे आज लिहून ठेवतोय कारण चोंढीहून मोटर घेऊन आलेला एक माणूस कॅमेरा हातात घेऊन म्हणाला, "ऑनलाइन मागवली का ही लेन्स? चायनाची वाटते." अंगावर पाल पडल्यासारखं झालं. त्याची मोटर भरून दिली. चहा विचारला नाही.

१ सप्टेंबर
सकाळी वाडीमागच्या पट्टीत. (वाडी आणि मागची सीताफळांची पट्टी वाटणीत धाकट्या भावाकडे, नंदूकडे, दुकान माझ्याकडे. मी पट्टीत जातो ते पाहुणा म्हणून.) वरच्या कडेला, जिथं सीताफळं संपून टेकडीचं रान सुरू होतं तिथं, शेंड्याच्या पानावर एक बारकं फुलपाखरू बसलेलं.

वरून तपकिरी. काही नाही. खालून राखाडी, त्यावर बारीक नागमोडी रेघा, पेन्सिलीनं ओढून बोटानं पुसल्यासारख्या. शेपटी नाही. ठिपके नाहीत. पुढचा पंख बारा मिमीच्या आसपास. ('आसपास' हा शब्द मला आवडत नाही. मोजपट्टी बरोबर नव्हती. माझी चूक.) उडतं चक्रमासारखं. गोल गोल गोल, आणि परत त्याच पानावर, त्याच टोकाला.

माझ्याकडच्या चित्रांत नाही. दोनदा पाहिलं. नाव कळेपर्यंत 'राखी' म्हणतो.

४ सप्टेंबर
व्हॉट्सॲपच्या गटावर फोटो टाकला. आलेली उत्तरं : जोडलेले हात, जोडलेले हात, गुलाब, "वा दादा अप्रतिम टिपलंय", सूर्योदयाचं चित्र आणि खाली शुभ सकाळ. दुपारी एकानं वाढदिवसाचा केक टाकला. कुणाचा वाढदिवस, ते लिहिलेलं नाही. फुलपाखरांचा गट म्हणे हा.

शेवटी सर आले. गटावरचे सर, निवृत्त प्राध्यापक, अलिबागला राहतात, नावं तेच ठरवतात. "घरत, फोटो अंधुक आहे. निळ्या फुलपाखरांपैकी एखादं जीर्ण झालेलं असावं. असल्या नमुन्यावर वेळ घालवू नये."

जीर्ण? पंखाच्या कडेची झालर शाबूत आहे. केस न् केस मोजता येतो. जीर्ण फुलपाखराची आधी झालर जाते, हे त्यांना माहीत नाही असं नाही. फोटो मोठा करून बघायचे कष्ट घेतले नाहीत, एवढंच. तरी खाली सगळ्यांनी "धन्यवाद सर".

आणि फोटो अंधुक आहे, हे खरं आहे. त्याचाच राग जास्त आला.

९ सप्टेंबर
राखी परत. दोन होत्या. एक मादी असावी. (पोट जाड.) तासभर शिडीवर उभा राहून पाहिलं. ती फुलावर जात नाही. कोवळ्या पानावर जात नाही. सीताफळाच्या फांदीला जिथं पिठ्या लागलाय, बरोब्बर तिथं जाते, घिरट्या घालते, बसते आणि पोट वाकवून त्या घाणीत टेकवते.

पिठ्या म्हणजे काय, ते हातानं पुसल्याशिवाय कळत नाही. पांढरा, कापसाच्या पुंजक्यासारखा, आत गुलाबी मऊ ढेकूण एकमेकांवर चढलेले. दाबला की चिकट पिवळं. खालच्या पानांवर त्यांचा पाझर, त्यावर काळी बुरशी, आणि पाझर चाटायला मुंग्यांची रांग. एवढ्या स्वच्छ टेकडीवर, एवढ्या पानांतून, तिला अंडी घालायला हीच जागा सापडली.

म्हटलं, चुकून बसली असेल. परत बसली.

१२ सप्टेंबर
फांदी कापून आणली. लेन्सखाली पुंजका उकलला तर त्यात तीन अळ्या. सहज दिसणाऱ्या नव्हेत. गोगलगायीसारख्या चपट्या, डोकं आत ओढलेलं, अंगावर पिठ्याचंच पीठ. जो स्थिर बसला तो पिठ्या, जो हळूच सरकला तो अळी.

पिंजऱ्यात घातल्या. त्याआधी पानं धुतली. साबणाचं पाणी, मग साधं पाणी, मग मऊ ब्रशनं देठ न् देठ. पिठ्याचा एक कण ठेवला नाही. अळीला स्वच्छ कोवळं पान लागतं. आजवर लिंबाच्या, कढीपत्त्याच्या, आंब्याच्या अळ्या अशाच वाढवल्या. पुस्तकात कुठं नाही, माझं मी ठरवलेलं. धुतलेल्या पानावर माझी अळी कधी मेली नाही.

सौ. मोरीत आली. "हे किडं धुयाला मोरीच मिळाली काय? परवा गणपती येणारेत."

१३ सप्टेंबर
एक मेली. अंग सुरकुतलेलं. पानाला तोंड लावलेलं दिसत नाही. पान बदललं, जास्त कोवळं घातलं. धुऊन.

१४ सप्टेंबर
गणपती बसले. सौ.च्या माहेरची माणसं, नंदूचं घर, सगळी इथंच. दुसरी अळी सकाळी मेली. तिसरी आहे, पण लहान झाली आहे. अळी लहान होते? डोळ्यांवर विश्वास बसेना, मोजली. पावणेचार मिमी. काल चार होती.

दुपारी वरच्या कडेवरून नवी फांदी आणली, पुंजक्यासकट, त्यात अळ्या दोन. धुवायला मोरीत गेलो तर सौ. दारात आडवी. "सोवळ्यात हाय घर. ढेकणाचं पाणी या मोरीत जाणार न्हाय. गौरी जाईस्तवर न्हाय." नंदू हसला. "वहिनी, दादाला पण बाहेरच ठेव, त्याच्या अंगावर पण असतील."

फांदी न धुता तशीच, मुंग्यांसकट, घाणीसकट, दुसऱ्या डब्यात टाकली आणि डबा मागच्या पडवीत विळ्याच्या खुंटीला टांगला. मनात म्हटलं, या दोन तर गेल्याच. असल्या बुरशीत काय जगणार?

१९ सप्टेंबर
गौरी गेल्या, पाहुणे गेले. धुतलेल्या पानांच्या डब्यातली तिसरी मेलेली. सुकून काडी झाली होती.

पडवीतला डबा टाकून द्यायला काढला. आत दोन्ही अळ्या. जिवंत. दुप्पट झालेल्या. अंगावर पीठ माखून, लोळणाऱ्या डुकरासारख्या गलेलठ्ठ. पान एक कुरतडलेलं नाही. एकसुद्धा नाही. पुंजके मात्र निम्मे झालेत.

बसलो. स्वच्छतेनं तीन मारल्या मी.

२० सप्टेंबर
दुकान उघडलं नाही. लेन्स लावून डब्यासमोर.

पाहिलं ते लिहितो, सुशोभित न करता. अळी पुंजक्यात डोकं घालते. आधी अंडी, पिठ्याच्या पोटाखालच्या कापसात असतात ती. मग पिल्लं. मग मोठा पिठ्या, पाठीला भोक पाडून, आतून. पिठ्याचे पाय हलत असतात. आतलं संपलं की कातडं तिथंच, आणि त्याचं पीठ अळीच्या पाठीवर. मुंग्या शेजारून जातात आणि तिला काही करत नाहीत. आपल्या गोठ्यातल्या गाई डोळ्यांदेखत खाल्ल्या जातायत आणि गुराखी तिच्या पाठीवरून चालत जातो.

फुलपाखराचं पोर मांस खातं. मासे मी खातो, बुधवार-रविवार, त्याचं काही नाही. पण फुलपाखरू म्हणून मनात जे काही होतं (काय होतं, ते लिहायची लाज वाटते), ते आज त्या डब्यात आतून पोखरून झालं.

सौ.नं डोकावून पाहिलं. "शी!" म्हणाली. पहिल्यांदाच एकमत.

२२ सप्टेंबर
गटावर टाकलं. अळी, खाताना, सहा फोटो, सगळे लख्ख स्पष्ट. खाली लिहिलं : चौल, सीताफळाची पट्टी, रानाची कड. राखीची अळी पिठ्या ढेकूण खाते, पान खात नाही. स्वतः पाहिलं. माझ्या माहितीत हे कुणी पाहिलेलं नाही.

सरांचा फोनच आला. "घरत, माझी चूक झाली. हे एपफ्लाय नावाचं फुलपाखरू आहे. अळी मांसाहारी, बरोबर. इंग्रजांच्या काळापासून नोंदवलेलं आहे." वर म्हणाले, "कोश झाला की बघा, गंमत आहे. काय ते सांगत नाही."

इंग्रजांच्या काळापासून. म्हणजे मी जे मागच्या पडवीत घाणीसमोर बसून शोधलं, ते कुणा साहेबानं टोपी घालून, नोकराकडून फांदी धरवून शंभरदा पाहून ठेवलंय. "माझ्या माहितीत" हे गटावरून खोडायला गेलो, पण तोवर लोकांनी त्याखाली गुलाब टाकले होते.

एवढं मात्र म्हणाले : "आपल्या किनाऱ्यावरचा अंडं ते फुलपाखरू असा फोटोंचा पूर्ण संच मी तरी कुणाकडं पाहिलेला नाही. तेवढं करा."

करीन. माझ्या नावानं करीन.

२४ सप्टेंबर
दोन्ही अळ्यांनी कालपासून खाणं सोडलं होतं. आज एकीचा कोश. पाच मिमी. तपकिरी, फांदीला चिकटलेला. लेन्स लावली आणि मागं सरलो.

माकडाचं तोंड. खरोखरचं. दोन खोल डोळे, चपटं नाक, मिटलेलं रुंद तोंड, गालांवर सुरकुत्या. कुणीतरी हस्तिदंतात कोरावं तसं, आणि पाच मिमीत. ही सरांची गंमत. मला गंमत वाटली नाही. ज्याच्या पोटात इतकं गेलंय, ते आता माकडाचं तोंड करून माझ्याकडंच बघतंय असं वाटलं.

सौ.ला दाखवलं. बराच वेळ लेन्सला डोळा लावून होती. "अगदी भाऊजी," म्हणाली. "वाटणीच्या दिवशी असंच तोंड करून बसलेलं."

हसू आलं. खरंच नंदूच.

२६ सप्टेंबर
नंदू आला. तोंड तेच, कोशातलं. रेवदंड्याच्या व्यापाऱ्यानं सीताफळं परत पाठवली, टोपल्यांसकट. फळांच्या खाचांत पिठ्या. कोण घेणार?

"आता मारणार औषध. जहरी. वरच्या कडंपासून खालपर्यंत, झाडं न्हाऊन काढणार. आंब्याला मोहोर यायच्या आत सगळं साफ पायजे, न्हाय तर हीच घाण तिकडं जाईल."

म्हटलं, वरच्या कडेला पिठ्या खाणारं आहे. ते राहू दे. तेच खाईल तुझा पिठ्या.

"किती खातं?"

डब्यातल्या दोन अळ्यांनी निम्मे पुंजके संपवले, ते सांगितलं.

"पट्टीत पुंजके किती हायेत, मोजलेस? मोजायचा नाद तुलाच हाय ना?"

त्याचं बरोबर आहे. एका पुंजक्यात चारशे पिल्लं असतील तर अळ्या दोन. त्या खातात, पण पुरं पडत नाही. भावाशी मी खोटं बोललो नाही, एवढंच माझ्या बाजूनं.

शेवटी : दिवाळीपर्यंत औषध नाही. संच पूर्ण व्हायचाय, अंड्याचा फोटो राहिलाय, म्हणून. पुढं बघू. "दादा, तुझ्या किड्यांपायी मी उपाशी बसणार न्हाय, सांगून ठेवतो."

४ ऑक्टोबर
सकाळी कोश काळपट झाला होता. तोंडावरून तडा गेला, माकडाच्या बरोबर कपाळावरून. बाहेर आली ती ओली, चुरगळलेली, आधी पाय, मग सगळं. पंख भरेपर्यंत मी श्वास धरून होतो असं सौ. म्हणते. मला आठवत नाही.

राखाडी. रेघा. झालर शाबूत. पुढचा पंख साडेबारा मिमी, मोजपट्टी शेजारी ठेवून. अंगावर पिठाचा कण नाही. त्या सगळ्या घाणीतला एक कण बरोबर आणला नाही तिनं.

दुसरा कोश दुपारी. त्यातून राखी नाही, बारीक काळी माशी निघाली, आणि पाठोपाठ आणखी. म्हणजे खाणाऱ्याला आतून खाणारं आणखी कुणी. डबा झाकला आणि जाऊन हात धुतले. काही लागलं नव्हतं हाताला.

१० ऑक्टोबर
अंडं सापडत नाही. रोज सकाळी पट्टी, मग दुकान. कपडे चिकट, शर्टावर काळे डाग जात नाहीत. मुंग्या बाहीतून आत जातात. मादी टेकते ते दिसतं, पण पुंजका उकलला की कापूस, कापूस, कापूस, आणि पिठ्याचीच अंडी. राखीचं कुठं? पिठ्याची अंडी लांबट, पिवळी. राखीचं निराळं असणार. ते निराळं काय, तेच ठाऊक नाही.

गटावर एकानं विचारलं, "दादा कोणता कॅमेरा वापरता?" आणखी एकानं माझाच माकडतोंड्या फोटो कुठूनतरी घेऊन, वर हनुमानाचा जप लिहून, मलाच पाठवला. खाली माझं नाव कापलेलं. कात्री सरळ मारलेली नाही, 'घ'चा अर्धा कान राहिलाय.

१९ ऑक्टोबर
सरांचा फोन. पट्टी बघायचीय म्हणाले. या म्हटलं.

२५ ऑक्टोबर
सर आले. गुडघे गेलेत, तरी टेकडी चढले, काठी टेकत, माझा हात न घेता. पिठ्याच्या पुंजक्यात अळी मी दाखवायच्या आधी त्यांनी पाहिली. मानलं. शिडीच्या करवंट्या बघून म्हणाले, "हे कुणाचं डोकं?" सांगितलं. "पेटंट घ्या," म्हणाले. हसले. पडवीत बसून कोशाचे फोटो बघताना मात्र एकाच फोटोवर थांबले. चष्मा काढून पुसला. "चाळीस वर्षं शिकवलं हो मी हे. चित्रावरून. असा उघडताना पाहिला नव्हता."

सौ.नं आंबोळ्या केल्या. खाल्ल्या. त्यांच्याविषयी सप्टेंबरात लिहिलेलं आठवून मला जरा ओशाळल्यासारखं झालं.

मग चहा झाल्यावर : मांडव्याच्या वाटेवर एक रिसॉर्ट आहे. पुस्तिका काढतायत, गुळगुळीत कागदाची, 'आमच्या आवारातली फुलपाखरं'. सर सल्लागार. तुमचा संच घेऊ. मानधन चांगलं देतील. (किती, ते म्हणाले.) फक्त नाव त्यांच्या चमूचं. तुमचं मागं, आभारात.

म्हटलं, आणि ठिकाण?

"ठिकाण काय घेऊन बसलात? मांडवा, चौल, एकच किनारपट्टी."

म्हटलं, तिथं सीताफळ आहे?

"लॉन आहे," म्हणाले. जाताना दारात थांबले. "पेन्शनीत भागत नाही हो, घरत. मलाही. विचार करा, दिवाळीनंतर सांगा."

ते गेल्यावर आंबोळ्यांची ताटली उचलली नाही मी. तशीच राहिली, मुंग्या येईस्तोवर.

२६ ऑक्टोबर
नावाचं मी समजू शकतो. नाव कापायची लोकांना सवयच आहे. पण ठिकाण? तिथं ती नाही. तिथं पिठ्या नाही. दर आठवड्याला फवारतात तिथं, गवतावर पाहुणे अनवाणी चालतात म्हणून. जिथं तिला जगू देत नाहीत, ती जागा तिच्या जन्माची म्हणून छापणार. आणि उद्या कुणी पुस्तिका हातात धरून तिथं शोधत फिरेल.

खोटी नोंद म्हणजे चुकीचे वेढे भरलेली मोटर. फिरते. काही दिवस फिरते.

५ नोव्हेंबर
नंदूनं औषध आणून ठेवलंय. बाटलीवर कवटी. पाठीवरचा पंप पडवीत, माझ्याच पिंजऱ्यांखाली. मुद्दाम ठेवलाय.

१२ नोव्हेंबर
दिवाळी झाली. सौ.नं नंदूला रिसॉर्टचं सांगितलं. मी सांगणार नव्हतो.

तो लगेच आला, आणि शांत होता. शांत असला की त्याच्याशी बोलणं अवघड.

"दादा, ते पैसे घे आणि मला दे. यंदाची पट्टी गेलीय माझी, तेवढीच भरपाई होते. मग वर्षभर मी वरच्या कडंला हात लावत न्हाय. तुझी राखी राहू दे तिथं, खाऊ दे काय खायचं ते. देवाची शपथ."

म्हटलं, खोट्या जागेचं छापतायत ते.

"छापू देत की. तिला काय कळतंय मांडवा का चौल?"

"मला कळतंय."

"मग तू जग पट्टीत जाऊन. पिठ्या खा."

सौ. हसली नाही. नंदू पण हसला नाही. म्हणजे थट्टा नव्हती.

१३ नोव्हेंबर
सौ. भाकऱ्या थापताना, पाठ माझ्याकडं : "मी काय म्हणत्ये, नाव मोठं का जीव?"

म्हटलं, नावाचं नाहीच. ठिकाणाचं आहे.

"ठिकाणाला तुम्ही नाव दिलंत म्हणून ते तुमचं. झालं की तेच."

भाकरी उलटली. मी उठून दुकानात आलो. एका मोटरीचे वेढे भरले, मोजताना चुकलो, परत उकलली. असं माझं होत नाही.

पैसे घेतले तर पट्टी राहते, वर्षभर, आणि नोंद खोटी. नाही घेतले तर नोंद खरी, आणि ज्याची नोंद ते नाही. दोन्हीकडनं सारखीच शिसारी. कुठल्या बाजूनं पहिला वेढा घ्यावा, ते कळत नाही.

सरांना संदेश टाकला : नाव घाला त्यांचं. ठिकाण चौल, सीताफळाची पट्टी, रानाची कड, एवढं छापा. बाकी काही नको, पैसे कमी द्या.

उत्तर : "त्यांना विचारतो."

१४ नोव्हेंबर
सरांचं उत्तर : "ते म्हणतात, आवारातली म्हटल्यावर आवारातलीच हवीत. सॉरी. उद्यापर्यंत सांगा."

नंदूला म्हटलं, एकच झाड सोड. वरचं, टोकाचं.

"एका झाडावरनंच येतंय सगळं परत."

तेही बरोबर आहे. राखीसुद्धा एका झाडावरूनच परत येईल, हे मी मनात म्हटलं, त्याला नाही.

१५ नोव्हेंबर
उजाडल्यावर पट्टीत. वरून तिसरं झाड. अंडं. पुंजक्यात नव्हतंच, मी उगाच कापूस उकलत बसलो होतो. पुंजक्याच्या कडेला, सालीवर. चपटं, फिकट हिरवट-निळं, टिकलीएवढंसुद्धा नाही. शेजारी दुसरं. मोजपट्टी लावून फोटो काढले, अकरा, सगळे स्पष्ट. संच पूर्ण.

खाली उतरताना अळ्या दिसल्या, कोश दिसले, दोन माकडं एकाच फांदीवर पाठीला पाठ लावून. फांदी कापून आणावी असं मनात आलं. किती आणणार? पिंजरे सात. आणि त्यांना खायला पिठ्या कुठून आणणार, पट्टी धुतल्यावर?

सरांचा फोन आला. बोललो, दोन मिनिटं. "मला वाईट वाटतं," म्हणाले. खरंच वाटलं असावं. त्याची मला जास्त चीड आली.

नंदूला जाऊन सांगितलं. पंपाचं नोझल काढून फुंकत बसला. औषध अजून कालवलेलं नाही. कालवणार नाही असंही म्हणाला नाही.

सौ. एवढंच म्हणाली, "त्या अळ्यांना विचारलं असतंत एकदा."

नोंद : माझा पूर्ण संच, अंड्यापासून राखीपर्यंत, त्यांच्या नावावर, ठिकाण मांडवा. नको म्हटलं. मानधन अठरा हजार.